शाळेत कुणाकुणाला ओळखतोस?

मी वर्ध्यातल्या एका हायस्कूलमध्ये लिपिक आहे. राहायला बोरगाव मेघेला. घरी दोन लेकरं, एक नववीत, एक सहावीत, आणि दोघंही दुसऱ्याच शाळेत. म्हणजे दिवसभर मी ऑफिसच्या खिडकीआडून पालकांना 'झेरॉक्स जोडली का?' असं विचारते, आणि माझ्या मुलांच्या शाळेत गेले की तशाच खिडकीबाहेर उभी राहून 'झेरॉक्स लागते हे आधी नाही का सांगायचं?' म्हणून कुरकुरते. दोन्हीकडचा वैताग मला पाठ आहे. शिक्षणातली तज्ज्ञ वगैरे मी नाही. पण काही गोष्टी आतून दिसतात त्या बाहेरून दिसत नाहीत, त्या सांगाव्यात म्हणून हे.

आपण पालक शाळेच्या ऑफिसात येऊन काय विचारतो? बोनाफाईड कधी मिळेल. दाखल्यावर आडनावाची वेलांटी चुकली ती कशी दुरुस्त होईल. जातीच्या दाखल्याला दाखल-खारीजचा उतारा हवाय. आधार का जुळत नाही. सहामाहीत एवढे कमी मार्क कसे. सगळे प्रश्न रास्तच. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून, नाहीतर साहेबाच्या हातापाया पडून आलेला माणूस दुसरं काय विचारणार?

पण "आमचं पोरगं इथं रमलं का हो?" असं विचारणारा पालक वर्षाकाठी एखादाच. मीही माझ्या मुलांच्या शाळेत हे विचारत नाही. मनात असतं, पण मागे रांग असते, भाजीपाला घ्यायचा असतो, आणि एवढं साधं विचारलं तर समोरचे हसतील असंही वाटतं.

कुणी हसणार नाही. उलट उत्तर द्यायला आमच्याकडे बरंच असतं.

लिपिकाला मुलांचं काय कळणार, असं वाटत असेल तर सांगते. रोज कोण उशिरा येतं ते आम्हाला कळतं. कोण गणिताच्या चाचणीच्या दिवशीच बरोबर ऑफिसात येऊन "मॅडम, घरी फोन लावून द्या ना, पोट दुखून राहिलं" म्हणतं, ते कळतं. कुणाच्या अर्जावर वडिलांच्या सहीच्या जागी आपल्याच हातानं गिरवलेली सही आहे, तेही कळतं. आणि मधल्या सुट्टीत कोण एकटंच पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून सुट्टी संपायची वाट पाहतं, ते तर खिडकीतून रोज दिसतं.

मागे आमच्याकडे नववीत एक मुलगा होता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे हजर कमी, गैरहजर जास्त. वर्गशिक्षकांनी घरी फोन केले. आई आली, पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "घरून तर बरोब्बर दहाला निघते सर तो. तुम्ही मारा त्याले, पण शिकवा." सर म्हणाले, मारून कुणी शिकत नाही माय. ते खरंच होतं, पण म्हणून पोरगं शाळेत येत होतं असं नाही.

तो परत आला तो एका बिघडलेल्या माईकमुळे. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी साऊंड सिस्टीमनं दगा दिला. आमच्याकडचे लॅबवाले काका, म्हणजे प्रयोगशाळा परिचर, ती उघडून बसले होते. हा व्हरांड्यात रेंगाळत होता. काकांनी हाक मारली, "काहून उभा आहे बे नुसता, वायर धर इकडे." पोरगं बसलं. धरता धरता म्हणालं, "काका, हे सोल्डर सुटलंय." त्याच्या मामाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. वर्गशिक्षकांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला माईक वाजला. काकांनी मुख्याध्यापकांना सांगितलं की हे काम याचं. त्या दिवसापासून परिपाठाचा माईक त्याच्याकडे. आता परिपाठाच्या आधी येऊन वायरी जोडायच्या, चाचणी घ्यायची, म्हणजे सगळ्यांच्या आधी शाळेत यायला हवं. तो येऊ लागला. तो आला नाही तर प्रार्थना ऐकू येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

पुढे तो पहिला-बिहिला आला असं काही झालं नाही. नववी निघाली, दहावीही निघाली, गणितात काठावर. पण गणिताच्या तासाला तो वर्गात होता, आणि काठावर का होईना, निघायला आधी वर्गात असावं लागतं.

त्याचे वडील एकदा दाखल्याच्या कामाला आले तेव्हा मी कौतुकानं माईकचं सांगितलं. ते ऐकून घेत म्हणाले, "माईक-बिईक ठीक आहे मॅडम, पण गणिताचं काय?" मला त्यांचा राग आला नाही. माझ्या मुलीचं चित्र वर्गात फळ्यावर लावलं म्हणून तिनं घरी नाचत सांगितलं, तेव्हा माझ्याही तोंडून पहिलं हेच निघालं होतं की छान, आणि विज्ञानाची वही पूर्ण झाली का?

आपण असं का करतो, ते आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे कुणाची चार एकर कोरडवाहू, सोयाबीनला भाव नाही, कापसाला बोंडअळी. कुणी दुकानात, कुणी दवाखान्यात कंत्राटी, कुणाची पाळी रात्रीची. आपल्या लेकराला यातून बाहेर काढायचं तर मार्क हाच एक रस्ता दिसतो. त्यामुळे मार्कांशी संबंध नसलेली शाळेतली प्रत्येक गोष्ट आपल्याला वेळेचा अपव्यय वाटते. ही भीती खोटी नाही. मला फक्त एवढंच म्हणायचंय की मार्क ज्यातून येतात ते दुसऱ्याच कशात तरी रुजलेलं असतं. शाळेत आपलं कुणी आहे, आपण नसलो तर कुणाच्या तरी लक्षात येईल, असं ज्या पोराला वाटतं ते अभ्यासालाही बसतं. ज्याला वाटत नाही, त्याला तीन शिकवण्या लावल्या तरी मन उडालेलंच.

आणि हे 'आपलं कुणी' दर वेळी शिक्षकच असतात असं नाही.

आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत शिजवलेलं जेवण मिळतं. ते रांधणाऱ्या आमच्या ताई वाढता वाढता पोरांचे चेहरे वाचतात. त्या ऑफिसात डोकावून सांगतात, "मॅडम, ती सातवीतली पोट्टी तीन दिवसांपासून नुसती खिचडी चिवडून राहिली. विचारा जरा." विचारलं तर कळतं, आजी गेली आहे, नाहीतर घरी भांडण सुरू आहे. हे कुठल्याही प्रगतिपुस्तकात येत नाही. या ताईंना मिळतं ते मानधन, तेही तुटपुंजं. आणि आपण पालकसभेला जाऊन मुख्याध्यापकांना नमस्कार करतो, स्वयंपाकघराकडे वळूनही पाहत नाही.

शिपाईकाकांचं तर काय सांगावं. घंटा देणारा, फाटक लावणारा माणूस एवढीच त्यांची ओळख आपल्याला. पण फाटकावर उभ्या माणसाला शाळेतली निम्मी मुलं नावानं माहीत असतात, आणि उरलेली बापाच्या नावानं. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की खासगी अनुदानित शाळांतली शिपाई, चौकीदार, प्रयोगशाळा परिचर अशी चतुर्थश्रेणी पदं रिकामी झाली की पुन्हा भरायची नाहीत, त्याऐवजी शाळेला 'शिपाई भत्ता' द्यायचा. म्हणजे आमचे लॅबवाले काका निवृत्त झाले की ती जागा संपली. भत्त्यावर माणूस मिळतो, नाही असं नाही, पण आज एक, उद्या दुसरा. सरकारी हिशेबात हे बरोबर असेलही. मला विचाराल तर माईकवाल्या पोराला हाक मारणारा माणूस या हिशेबात धरलेलाच नाही.

आता थोडं घरातलं बोलू. हे लिहिताना मला अवघड जातंय, कारण आपण सगळेच यात आहोत.

रात्री जेवताना पोरगं सांगतं, सर आज आलेच नाहीत. आपण पोळी मोडत म्हणतो, "त्यांना काय, आले काय नाही आले काय, पगार चालूच आहे." पोरगं हसतं. आपणही हसतो. खरं तर दिवसभराचा आपला शीण त्यात उतरलेला असतो, सरांचा तेवढा राग नसतोच. पण सकाळी त्याच सरांसमोर पोराला बसायचं असतं. घरी ज्या माणसाची किंमत शून्य करून टाकली, त्यानं शिकवलेलं डोक्यात कसं जाणार? मोठं पोरगं असलं तर त्यातून वाट काढतं. सहावी-सातवीतल्याची मात्र ओढाताण होते. त्याला सर आवडतात आणि बाबाही आवडतात. मग ते दोघांपैकी एकाशी खोटं बोलायला शिकतं.

सर त्या दिवशी कुठे होते, ते बऱ्याचदा ऑफिसला माहीत असतं. मतदारयाद्या, निवडणुकीचं प्रशिक्षण, जनगणना. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्यापुरतंच शिक्षणबाह्य काम द्यायची मुभा आहे, पण 'एवढंच' हेसुद्धा पुष्कळ होतं. शिवाय ऑनलाइन भरायच्या माहित्यांचा रतीब वेगळाच. रात्री नऊला वर्गशिक्षकांचा मला फोन येतो, "ताई, त्या पोराचा आधार नंबर परत चुकला." त्यांच्याही घरी दहावीचं लेकरू असतं.

म्हणून सगळं गोड मानून घ्या, असं नाही हं. शाळेत चुकतं. कधी फार चुकतं. मारणं, वर्गासमोर अपमान करणं, जातीवरून, कपड्यांवरून, बापाच्या धंद्यावरून बोलणं, यातलं काहीही झालं तर गप्प बसू नका. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला शिक्षण हक्क कायद्यानं मनाई आहे, कलम १७ आहे त्यासाठी. तिथे 'सरांशी वैर नको' असा विचार करू नका. लेखी द्या, पोच घ्या. पोच द्यायला ऑफिस बांधील आहे, हे ऑफिसातलीच बाई सांगतेय.

पण बाकीच्या तक्रारी, म्हणजे गृहपाठ फार दिला, बाक बदलला, नाटकात राजा नाही केला, या जरा वेगळ्या हाताळता येतात. रात्री दहाला पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तक्रार टाकली की सकाळपर्यंत तिचा पहाड होतो, आणि मुलांना मोबाइल उघडता येतो हे आपण विसरतो. त्यापेक्षा सकाळी दोन मिनिटं जाऊन भेटणं बरं. आणि भेटताना पोराला शेजारी उभं करू नये. मान खाली घालून, बुटाच्या टोकानं फरशी उकरत उभं राहिलेलं पोर मी ऑफिसात नेहमी पाहते. आई तक्रार करत असते, सर खुलासा करत असतात, आणि दोघांना आवाज चढवू नका असं सांगायची त्याची फार इच्छा असते.

दहावीचं तर विचारूच नका. जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात आणि पहिल्याच आठवड्यात पालक सांगायला येतात, "मॅडम, यंदा तिला कबड्डीत घेऊ नका. गॅदरिंगला नाव देऊ नका. दहावी आहे." शिकवणी सकाळी एक, संध्याकाळी दोन. त्यांच्यामधल्या वेळात शाळा. फेब्रुवारीपर्यंत पोर सावलीसारखं होतं.

गेल्या काही वर्षांत एक मुलगी लक्षात राहिली. बाजूच्या गावातून एसटीनं यायची. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा मोफत पास असतो, त्यामुळे येण्याजाण्याचा खर्च नव्हता, पण गावाकडची सोयीची गाडी संध्याकाळी एकच. कबड्डीचा सराव शाळा सुटल्यावर. आईनं सांगितलं, सराव बंद. तिला पोरीच्या खेळण्याचं वावडं नव्हतं. अंधार पडल्यावर फाट्यापासून घरापर्यंतचा रस्ता तिच्या डोळ्यांसमोर होता. ही भीती कुणा पुढारलेल्या माणसानं हसून उडवावी अशी नाही.

क्रीडाशिक्षकांनी भाषण नाही दिलं. त्यांनी सराव मधल्या सुट्टीत आणि शेवटच्या तासाला घेतला, आणि मुलगी एसटीत बसली की कुणीतरी आईला फोन करायचा, असं ठरलं. ते कुणीतरी म्हणजे मी. पोरगी खेळली. शेवटच्या तासाचा राहिलेला अभ्यास मैत्रिणींच्या वह्यांतून केला. आई पुढे तालुक्याचे सामने पाहायला आली, पहिल्यांदा शाळेच्या मैदानावर बसली, आणि शेजारच्या बाईला सांगत होती, "ते पिवळ्या टी-शर्टात आहे ना, ते माही."

व्यवहाराचंही सांगते, कारण मी तेच कागद भरते. क्रीडा स्पर्धांत ठरावीक पातळीपर्यंत गेलेल्या, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीत वाढीव गुण मिळतात. त्यासाठी प्रस्ताव वेळेत जावा लागतो. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते, आपण तिला एनएमएमएस म्हणतो. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर बसता येतं, आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दर वर्षी हुशार पोरं केवळ उत्पन्नाचा दाखला वेळेत नाही म्हणून मागे राहतात. आणि तेव्हा आईबाप माझ्यासमोर जे तोंड करून उभे राहतात, ते मला पाहवत नाही.

गॅदरिंगनं अभ्यास बुडतो, असं म्हणणाऱ्या आपल्या वर्ध्याची एक गंमत आहे. इथल्या मारवाडी विद्यालयाचा रौप्यमहोत्सव होता, १९३७ साली. हेच पुढे नवभारत विद्यालय. शाळेचा उत्सव म्हणजे मांडव, पाहुणे, भाषणं, बक्षिसं, तसंच काही व्हायचं. पण त्या निमित्तानं देशभरातल्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांना बोलवावं असं ठरलं. गांधीजी तेव्हा सेगावात म्हणजे सेवाग्रामला राहत होते. २२ आणि २३ ऑक्टोबरला त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि हाताच्या कामाभोवती, अशी योजना ठरली. वर्धा योजना म्हणून ती पुस्तकांत आली, आपण तिला नई तालीम म्हणतो. एका शाळेच्या वाढदिवसातून एवढं निघालं.

मग सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी या जोडप्यानं नई तालीमची शाळा उभी केली. ते सिलोनचे, त्या बंगाली, दोघंही शांतिनिकेतनातून आलेले. तिथे झाडलोट, स्वयंपाक, शेती, सूतकताई मुलं आणि शिक्षक मिळून करत. गडचिरोलीत आरोग्याचं काम करणारे डॉ. अभय बंग त्या शाळेत शिकले, आणि त्यांनी तिच्याविषयी फार जिव्हाळ्यानं लिहिलंय. २००५ पासून तिथे पुन्हा आनंद निकेतन ही शाळा भरते आहे.

मुलांना चरख्यावर बसवा, असं मी म्हणत नाही, आणि ती शाळा आपल्या सगळ्यांना परवडेल, जमेल असंही नाही. मला तिच्यातली एकच गोष्ट आपल्या साध्या अनुदानित हायस्कुलात उचलून आणावीशी वाटते. शाळेतलं काम मुलांचंही असलं की शाळा त्यांची होते. ग्रंथालयाच्या पुस्तकांना कव्हर घालणारी, झाडांना पाणी टाकणारी, तान्ह्या पोळ्याला लहान वर्गांचे नंदी रांगेत लावणारी, सूचना फलक लिहिणारी पोरं. यांच्या बाकावर करकटकानं कोरलेली नावं कमी सापडतात, हे आमच्या काकांचं निरीक्षण आहे. आणि आपण घरी काय म्हणतो? "शाळेत झाडू मारायला पाठवतो का आम्ही तुला?" पोरीला शिक्षा म्हणून, नाहीतर तिच्या जातीकडे पाहून झाडायला लावलं असेल तर जरूर विचारा. सगळे मिळून करत असतील तर राहू द्या हो. घरी तरी ती कुठे स्वतःची गादी उचलते.

'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलंय. त्यातले कोबायाशी मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी त्या लहान मुलीचं बोलणं चार तास ऐकतात. ते वाचून आपल्याला भरून येतं आणि मग अपराधी वाटतं, कारण आपल्याकडे चार तास सोडा, चाळीस मिनिटं नसतात. पण गाडीवरून शाळेत सोडताना वाटेत दहा मिनिटं असतात. कुकरच्या शिट्ट्यांमधला वेळ असतो.

त्या वेळात "आज काय शिकवलं?" विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे, "काही नाही." मी अलीकडे माझ्या मुलाला विचारते, शाळेत कुणाकुणाला ओळखतोस? शिपाईकाकांचं नाव काय? ग्रंथालयाच्या मॅडम कुठून येतात? आज कुणाचा डबा आला नव्हता? पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आई, तू ठीक आहेस ना?" मग हळूहळू बोलू लागला. वर्गशिक्षकांचं नाव सोडलं तर त्याला शाळेतल्या एकाही मोठ्या माणसाचं नाव धड माहीत नव्हतं, आणि नववीपर्यंत मलाही ते खटकलं नव्हतं. काही आठवड्यांनी त्यानंच सांगितलं की ग्रंथालयाच्या मॅडम पुलगावहून रोज रेल्वेनं येतात, आणि त्यांच्याकडे क्रिकेटवरची पुस्तकं आहेत.

अशी दोन-तीन नावं पोराला माहीत असली की वाईट दिवशी जायला जागा असते. दहावीची सराव परीक्षा बिघडली, कुणी चिडवलं, घरी सांगायची भीती वाटली, तर ते कुणाकडे तरी जाईल. आपल्याकडेच यावं असं आपल्याला वाटतं, पण पंधराव्या वर्षी मुलं आईबापांकडे कमीच येतात. तेव्हा ती ज्यांच्याकडे जातील अशी चांगली माणसं आधीपासून भोवती असावीत.

आपणही शाळेतल्या माणसांशी जरा ओळख ठेवली तर त्यांना बळ येतं, हेही आतलं गुपित. स्नेहसंमेलनाच्या आधी कुणी आई येऊन नऊवारी नेसवून देते, कुणी बाबा मांडवाचे बांबू आणून टाकतात, कुणी फक्त येऊन "ताई, खिचडी छान असते म्हणे तुमची" एवढं बोलतं. त्या दिवशी ताईंच्या हातचं वरण नेहमीपेक्षा चांगलं होतं, ही माझी कल्पना नाही, सगळा स्टाफ म्हणतो. माणसाला आपलं काम कुणी पाहिलं की ते करावंसं वाटतं. मुलांचं तेच, शिक्षकांचंही तेच.

पैसे लागत नाहीत याला, आणि रजाही फार नाही. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला एखाद्या वेळी आई नाही तर बाबांनी जावं, एवढंही पुष्कळ. सध्या त्या बैठकांना बहुतेक आयाच असतात, त्या पाणी भरून, भाकरी थापून आलेल्या, आणि पहिल्या रांगेत बसून जांभया दाबत असतात.

तर येत्या जूनच्या शेवटी शाळा उघडल्या की पहिल्या पंधरवड्यात एकदा मुलाच्या शाळेत जाऊन या. निकाल नाही, तक्रार नाही, कागद नाही, अशा दिवशी. वर्गशिक्षकांना भेटा, फाटकावरच्या काकांना आणि जेवण रांधणाऱ्या ताईंना नमस्कार करा, आणि आपल्या मुलाबद्दल गुणपत्रिकेत नसलेली एखादी गोष्ट त्यांना सांगून या. मामाचं मोबाइलचं दुकान आहे, एवढीसुद्धा चालेल. मुलगा आठवीत असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. आणि शाळेत जायचं ते शक्यतो दुपारी दोननंतर. सकाळी ऑफिसात दाखल्यांची गर्दी असते, आणि आमचं डोकं जरा तापलेलं असतं.